तीन सेकंदांचा काळोख

रविवार, संध्याकाळ

काल गच्चीवर दुर्बिणीतून एका ताऱ्याची फिल्म घेतली. आमच्या लिंबायत वस्तीतल्या तापलेल्या पत्र्यांवर हवा थरथरते आणि तारा पाण्यात पडल्यासारखा हलतो. म्हणून झटपट हजारो चित्रं घ्यायची, त्यातली स्थिर तेवढी निवडून एकावर एक रचायची. शेजारी माझे वडील, आबा, बसले होते. मोतीबिंदूमुळे त्यांना समोरची टाकीही दिसत नाही. त्यांच्या औषधाचा नऊचा गजर वाजला तेव्हाच ते म्हणाले, "तारा विझी गया." मी हसलो. "आबा, तुम्हाला कुठला तारा दिसतोय?"

आज चित्रं चाळली. बरोबर नऊला तीन सेकंद तारा नाहीच. आधी आहे, नंतर आहे, मध्ये नुसता काळोख. ढग नव्हता. पक्षी? तो इतका वेळ कशाला थांबेल? तीन सेकंद. ती चित्रं वगळून तारा कधी नव्हे इतका रेखीव आलाय, पण बघवत नाही.

चहा देताना विचारलंच, "काल तुम्हाला दिसलं कसं?"

"दिसनं नही. एकदम गार लागनं." मग हळूच म्हणाले, "तुले नही लागनं?"

मी नाही म्हणालो. खोटं बोललो.