एकोणीस तास बर्फात

प्रिय अनोळखी बाई,

नाव-गाव लिहिलं तर किडन्यांची अदलाबदल जुळवणाऱ्या ग्रेटाबाई काळ्या शाईनं खोडतात, म्हणून अशी हाक. आपापल्या माणसाला जुळेनात, म्हणून तुमची किडनी माझ्या आईच्या पोटात, माझी तुमच्या नवऱ्याच्या. म्हणजे आपण व्याही झालो की काय, कोण जाणे. तुमची चिठ्ठी मिळाली. ‘ह्यांना बसवलेली तुमची लगेच चालली, माझी का नाही? माझ्या वयामुळं तर नाही ना?’

डॉक्टरांना विचारलं. वयाचा वाटा असतो, म्हणाले, पण थोडाच. त्या दिवशी गोठतं धुकं होतं. तुमची किडनी विमानतळावर अडकली, एकूण एकोणीस तास बर्फात. जितका वेळ बर्फात, तितकी ती उशिरा जागी होते. माझी आधीच्या विमानानं सुटली होती. आई म्हणाली, “तुझं काहीतरी वेळेवर पोचलं बाबा एकदाचं! तू बरोबर असतास तर तिला घेऊन मधेच कुठेतरी उतरला असतास.”

आई तळ्यावरच्या बर्फाला भोक पाडून मासे धरते. तिथली तिची खोपटी सहा वर्षांपूर्वी मी हिरवी रंगवणार होतो, एक भिंत झाली, मग मित्राचा ट्रक दक्षिणेला निघाला. असो. तर आई नर्सला म्हणते, “बर्फातला मासा चार दिवस टिकतो, ही तर किडनी! झोपू दे तिला, प्रवासानं दमलीय.” पहिल्या दिवशी मापाच्या भांड्यात जेमतेम चमचाभर लघवी. आठवडाभर तेच. डायलिसिसचं मशीन पुन्हा लावलं. ही जागी झाली नाही तर आईला दुसरी मिळणं कठीण, हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. आम्ही पत्ते खेळत राहिलो.

डॉक्टर आणखी एक बोलले, आईसमोरच. “मशीनवर फार वर्षं काढली की नवी किडनी दमानं घेते. तुमची पाच झाली.” आई माझ्याकडे न बघता म्हणाली, “मजेत होते की मी! वाचनालयातली सगळी खुनांची पुस्तकं संपवली.”

काल भांड्यात शंभर मिली होते. आज सकाळी चारशे. आईनं नर्सला ते ओतूच दिलं नाही. “थांब गं, पोरगा बघू दे आधी.” मी बघितलं. म्हणजे तुमची किडनी जागी झाली, बाई. निवांत झोपा.

राहिलं एकच. पाच वर्षांपूर्वी किडन्या गेल्याचं कळलं तेव्हा आईनं पहिला फोन मला केला होता. मी ‘पुढच्या महिन्यात येतो, तपासणी करून घेतो’ म्हणालो आणि अलास्काच्या खेकड्यांच्या बोटीवर चढलो, मग आणखी कुठे कुठे. आलो ते यंदा. धुकं एका दिवसाचं होतं. वर्षं माझी होती. उशीर तुमच्यामुळं झाला नाही. आईला हे अजून म्हणालेलो नाही. आधी लिहून बघावं म्हटलं, जमतं का. जमलं. आई आता जागी आहे, सांगायला उठतोच.

तुमचाच,
मासेवालीचा मुलगा