भोकपाड्या

सोमवार, ४ मार्च. सकाळ.
ताईचा फोन. अप्पांच्या डोक्यात गाठ निघाली. वय शहात्तर, पण घाबरायचं कारण नाही. कवटी उघडणार नाहीत. कानाच्या वर बारीकसं भोक पाडून तिथूनच गाठ काढणार. चार दिवसांत घरी. मी म्हटलं, ताई, भोकाचं मला नको सांगूस. एसीच्या पाइपसाठी भिंतीत दिवसाला चाळीस पाडतो मी. टेन्शन नॉट.

मंगळवार, ५.
ताई म्हणते, ये. रजा मागणार होतो. मुकादमाचा मूड नव्हता. उद्या नक्की.

बुधवार, ६.
मुकादमाचा मूड चांगला होता. माझा नव्हता. अप्पा मला, पोटच्या पोराला, भोकपाड्या म्हणतात. पाहुण्यांसमोरसुद्धा. म्हणून दोन वर्षं मी त्यांच्याशी बोलत नाही. माणसाला काही तत्त्व पाहिजे.

शुक्रवार, ८. जेवणाची सुट्टी.
ताई रडकुंडीला आलेली. गाठ बोलण्याच्या जागेला चिकटून आहे. उद्या ऑपरेशन, आजच दोन शब्द बोल म्हणाली. मागून अप्पा विचारत होते, काय म्हणतोय भोकपाड्या? घ्या! डोक्यात गाठ, तरी टोमणा चालूच. सांगितलं, कामात आहे, ऑपरेशन झालं की निवांत बोलतो. डबा खात होतो खरं तर.

शनिवार, ९.
पाण्याची लाइन फोडली. खोलीभर तळं. मुकादम खेकसला, भोक बोटाएवढं म्हणून काय झालं गाढवा, मागे काय आहे ते ठोकून बघितलंस का? नव्हतं बघितलं. सारखा घड्याळ बघत होतो. जेवणाची वेळ झाली का म्हणून. बाकी काही नाही.
दुपारी ताईचा मेसेज. ऑपरेशन सक्सेस, गाठ पूर्ण निघाली. म्हटलंच होतं मी! सगळ्यांना चहा पाजला.

सोमवार, ११.
व्हिडिओ कॉल. कानाच्या वर एवढीशी पट्टी. काम एकदम क्लीन, माझं फिनिशिंग असं येत नाही. अप्पांनी ओळखलं मला. डोळे भरले त्यांचे. ओठ हलले, शब्द फुटेना. डॉक्टर म्हणतात, येईल हळूहळू, नाहीतर नाही. या वयात सांगता येत नाही. मी म्हटलं, अप्पा, मी कोण, सांगा ना. भोकपाड्या. म्हणा, भो-क-पा-ड्या. पाहुण्यांसमोर म्हणा.
ताई म्हणाली, पुरे रे, दमलेत ते.

मंगळवार, १२.
रजा मिळाली. मागताक्षणी. मुकादम म्हणाला, आधी का नाही मागितलीस?