मिसागोवरच्या माणसाचं ताट

मेइजी सन २५, ९ ऑक्टोबर

यांच्या बोटीचा, मिसागोचा, पत्ता नाही. नागासाकीहून निघाली, इथं योकोसुकाला यायची होती, वाटेत मोठं वादळ. नौदलाचा माणूस दारातच उभा राहून सांगून गेला. मी त्याला चहा विचारला. बाकी काही वाटलं नाही.

सासूबाईंनी रोजच्यासारखं यांचं ताट वाढलं. माणूस समुद्रावर असला की घरी त्याच्या जागेवर ताट मांडायचं, साराच्या वाडग्यावर झाकण ठेवायचं. झाकणाला आतून थेंब धरले की माणूस सुखरूप. आज धरले.

१२ ऑक्टोबर

थेंब.

१९ ऑक्टोबर

मिसागो बाबांनी बांधली — म्हणजे तिच्या फासळ्या. मी तेव्हा नऊ वर्षांची, डबा घेऊन गोदीत जायची. ती पाण्यात उतरली त्या दिवशी बाबा पिऊन आले आणि म्हणाले, "पोरगी सासरी गेली!" पुढे तिनं नकाशासाठी कोरियाचा किनारा मोजला. शिडं गेली, नवा बॉयलर आला, तोफा बदलल्या. मग हे तिच्या भट्टीत कोळसा टाकायला लागले. बाबांनी स्थळ पसंत केलं ते बोटीकडे बघून. यांच्याकडे बघून नक्कीच नाही.

२ नोव्हेंबर

शोध थांबवला. सगळ्यांना मृत धरायचं, असा हुकूम. गल्लीतल्या बाकीच्या घरांत ताटं बंद झाली. देह नाही, म्हणून यांनी निघताना ठेवलेली केसांची बट आज देवळात पुरली. सासूबाई आल्याच नाहीत. घरी येऊन बघते तर ताट मांडलेलं. थेंब! कढत सारावर झाकण ठेवलं तर थेंब धरणारच की.

२० नोव्हेंबर

धाकटा भाऊ यासुझो मला न्यायला आलाय. बाबा आता हाकोदातेला असतात, तिथं त्यांनी स्थळ पाहिलंय — दोरखंडवाला, बायको वारलेली. मी म्हटलं, ताट मांडलं जातंय तोवर मी यांची बायको. कशी निघू?

यासुझो चिडला. "म्हातारीला वेड लागलंय, ताई. तुलाही लागेल."

सासूबाई पलीकडेच मासा भाजत होत्या. ऐकलं असणार.

२३ नोव्हेंबर

हाकोदातेची बोट उद्या सकाळी. यासुझोला नाही म्हणून सांगितलं.

२४ नोव्हेंबर, बोटीवर

पहाटे उठले तर माझं गाठोडं बांधून दारात ठेवलेलं. यांच्या जागेवर ताट, पण वाडगा माझा. सासूबाई म्हणाल्या, "कुमा गेला, शिनो. मला का कळत नाही? आता समुद्रावर तू चाललीस. तुझं ताट मी रोज वाढीन."

मला रडू फुटलं. अजून थांबत नाही.