फाटकात उघडलेली पिशवी

आई,

काल कोर्टात गेले होते. घराच्या जागेच्या उताऱ्याची नक्कल हवी होती, नातू म्हणाला, आजी तूच चल, सही तुझी लागेल. आता तिथं फाटकाशी नुसती दाराची चौकट उभी केलीय, तिच्यातून आपण जायचं आणि पिशवी एका यंत्राच्या पोटात सोडायची. माझी पिशवी पलीकडून बाहेर आली तशी खाकीतल्या एका पोरीनं ती बाजूला ओढली आणि विचारलं, आजी, आत काय आहे? मी सांगितलं, पाण्याची बाटली, बीपीच्या गोळ्या आणि दोन केळी. तिनं उघडून पाहिलं, तेवढंच होतं, जा म्हणाली. पण पुढं बाकावर टेकले आणि छातीत अशी आग उठली की नातू घाबरून पाणी आणायला पळाला. त्याला वाटलं दगदग झाली. त्याला काय सांगू? पिशवीत काय आहे असं कुणी विचारलं की जे आहे ते सांगून टाकायचं, किती सोपं असतं ते. तुला ते जमलं नाही. सख्ख्या लेकीनं विचारलं होतं, तरी जमलं नाही. तुला वाचता येत नव्हतं आणि तुला जाऊन किती वर्षं झाली हे मोजायचंही मी सोडलंय, पण आज लिहिल्याशिवाय मला घास उतरायचा नाही.

ते लढाईचे दिवस होते. माझं लग्न होऊन मी भिंगारला आलेली, हे लष्कराच्या डेपोत कामाला, आणि त्या थंडीत त्यांना घरी यायची फुरसत नव्हती. दिवेलागणीला सगळ्या गल्लीनं अंधार करायचा, मोटारींच्या दिव्यांना वरून अर्धा काळा रंग फासलेला, आणि जो तो दुसऱ्याला हेर समजून बघायचा. आबा त्याच्या आदल्या शिमग्याला गेले होते. अशात एक दिवस तू सकाळच्या मोटारीनं गावाहून आलीस, पदराखाली पिशवी धरून. चहासुद्धा नको म्हणालीस. चल, वारसाची नावं लावायचीत, दादा पुढं गेलाय, तुझंबी नाव लावायचं म्हणजे तुझी सही पायजे. मी सातवी शिकलेली, सहीचं मला कौतुक होतं. लग्नातलं पातळ नेसले, वेणी पुन्हा घातली. तू दारात उभी राहून माझी तयारी बघत होतीस. काय वाटत होतं गं तुला तेव्हा?

कारण मला काय वाटत होतं ते तुला चांगलं ठाऊक होतं. विहिरीजवळचा, चिंचेखालचा तो तुकडा. आबांनी तो नांगराखाली आणला तेव्हा त्यात माती कमी आणि दगड जास्त होते. दादा शिकायला तिसगावला मावशीकडं, म्हणून दगड वेचायला मी. दोन उन्हाळे आबा पहारीनं उकरायचे आणि मी पाटीनं बांधावर नेऊन टाकायची, माझी नखं तेव्हाची अजून वेडीवाकडी आहेत. पहिल्या साली तिथं करडई लावली. काट्यांनी हात सोलून निघाले, पण आबा चार माणसांसमोर म्हणाले होते, हा तुकडा माझ्या लेकीचा. तू तिथंच होतीस. भाकरी सोडत होतीस. मी तो काही कसायला जाणार नव्हते, मला कळत होतं. पण सरकारच्या कागदावर आबांच्या नावाखाली माझं नाव, एवढंच मला बघायचं होतं. टांग्यात बसून भिंगारहून कोर्टापर्यंत मी तुला तेच सांगत आले, की उतारा मिळाला की त्याची एक नक्कल मला पाहिजे, मी पेटीत ठेवीन. तू म्हणालीस, ठेव.

फाटकाशी ही गर्दी. एरवी तिथं कुणी कुणाला विचारत नसे, पण लढाईमुळं एक हवालदार बाकडं आडवं टाकून बसला होता आणि आत जाणाऱ्याची झडती घेत होता. कोर्ट काय, जमिनीचं दप्तर काय, खरेदीखतं नोंदवणारे साहेब काय, सगळे त्याच एका आवारात. पुरुषांच्या आगपेट्या एका डालड्याच्या डब्यात पडत होत्या, कुणाचा विळा, कुणाची काठी बाजूला. बायकांना हात लावायला बाईपोलीस कुठली, म्हणून आवार झाडणारी एक म्हातारी पलीकडं पोत्यावर बसवली होती, तिला सगळे मावशी म्हणत होते. तुझ्या कमरेच्या चंचीत अडकित्ता निघाला आणि हवालदार म्हणाला, हे हत्यार आहे, ठेवा इथं. तू त्याच्याशी जे भांडायला लागलीस! मंग सुपारी काय दातानं फोडू व्हय, मला दात हायेत का बघ, असं म्हणून तू त्याला तोंड उघडून दाखवलंस. रांगेतले लोक हसत होते. मीही हसत होते. आणि हसत हसतच, तुझी जड पिशवी माझ्या हातात होती ती मी मावशीपुढं ठेवली.

मावशीनं आत हात घालून एकेक बाहेर काढलं. नारळ. हिरवा खण. हळदीकुंकवाची पुडी. आणि लुगडं, वांगी रंगाचं, लाल काठाचं, कोऱ्या कापडाचा वास अजून गेला नव्हता. तिनं ते बघितलं, माझ्याकडं बघितलं, गळ्यातलं मंगळसूत्र, पायातली जोडवी. मग आवाज खाली आणून म्हणाली, "हक्कसोडीला आलीस व्हय, बाई?" मी म्हणाले, नाही, माझं नाव लावायला आलोय. तिनं नारळावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "या फाटकातनं नारळ-लुगडं आत जातं ते लेकीसाठीच. लेक सही करती, जमीन सोडती, भाऊ वटी भरतो. रोज बघते मी." आणि तिनं लुगड्याची घडी होती तशी घातली, खण वर, नारळ त्याच्यावर, आणि पिशवी माझ्या हातात दिली. मी दावलं म्हणू नको, एवढंच वर बोलली. तू मागं वळलीस तेव्हा अडकित्त्याच्या रागानं लाल झाली होतीस. तुला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं.

हे तुला मरेपर्यंत माहीत नव्हतं, आई. तुला वाटत राहिलं की आत साहेबांसमोर कागद वाचला तेव्हा मला कळलं. नाही. मला फाटकातच कळलं होतं.

मग आपण व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. दादा कागद लिहिणाऱ्यापाशी उकिडवा बसलेला दिसत होता, आपल्याकडं बघत नव्हता. आपला पुकारा व्हायला खूप वेळ लागला आणि तो सगळा वेळ मी तुझी वाट बघितली. तू मला आत्ता सांगशील, आत्ता सांगशील. मी तुला वाट करून दिली. विचारलं, माझं नाव दादाच्या खाली लागेल का तुझ्या? तू म्हणालीस, सायब सांगत्याल. म्हटलं, आबा असते तर तो तुकडा निराळा काढून दिला असता त्यांनी. तू वहिनीला दिवस गेल्याचं सांगायला लागलीस, मग जोंधळ्यावर पडलेल्या चिकट्याचं. शेवटी मी पिशवी मांडीवर घेतली, हातानं नारळ चाचपला आणि सरळ विचारलं, आई, हिच्यात काय आहे गं, जड लागतेय. तू माझ्या हातातून पिशवी काढून घेतलीस आणि म्हणालीस, "देवाचं हाय."

अजून मी त्या बाकावरच बसलेली असते, असं वाटतं कधी कधी. तू शेजारी आहेस, तुझा गुडघा माझ्या गुडघ्याला लागलाय, आणि तू माझ्या डोळ्यांत बघून म्हणतेयस, देवाचं हाय. जमिनीचं एक वेळ सोड. दादाला सगळं एका नावावर पाहिजे होतं, पोटच्या पोराला नाही म्हणणं तुला झेपत नव्हतं, समजू शकते. लोक म्हणतात, आईनं मोकळेपणी मागितलं असतं तर लेकीनं हसत दिलं असतं. तसलं काही नाही. तू मागितलं असतंस तर मी दिलं नसतं, आणि ते तुला पक्कं माहीत होतं. म्हणूनच तू मला नटवून, टांग्यात घालून, माझ्या बडबडीला ठेव ठेव म्हणत तिथवर आणलंस. बाजाराला न्यायच्या शेरडालाही आपण दोरी दाखवतो.

पुकारा झाला. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, कागद वाचला का, समजला का, कुणाची बळजबरी नाही ना. राजीखुशीनं भावाच्या लाभात हक्क सोडत आहे, असं लिहिलं होतं, मी अक्षर न् अक्षर वाचलं. तू माझ्या पाठीशी उभी होतीस आणि तुझा श्वास मला ऐकू येत होता. मी एक शब्द बोलले असते तर तो कागद तिथंच फाटला असता. मी म्हणाले, समजलं, आणि सही केली, वळणदार, खाली रेघ ओढून. गावात मला मोठ्या मनाची म्हणतात, तूही म्हणायचीस. मोठं मन कसलं आलंय? मी रागानं सही केली. म्हटलं, पाहिजे ना, घे, आणि आता जन्मभर माझ्या तोंडाकडं बघत राहा. मग व्हरांड्यात दादानं ते लुगडं माझ्यापुढं धरलं, तू मला कुंकू लावलंस आणि रडलीस. मी रडले नाही. बाहेर पडताना तू हवालदाराकडून अडकित्ता मात्र आठवणीनं मागून घेतलास.

दादा सायकलीवरून गावाकडच्या कुणाच्या तरी बिऱ्हाडी मुक्कामाला गेला. तुझी मोटार लष्कराच्या गाड्यांमुळं सुटलीच नाही, म्हणून तुला माझ्याकडंच राहावं लागलं. हे डेपोत होते. घरात आपण दोघीच. मी पिठलं-भाकरी केली, तू खालमानेनं खाल्लीस. अंधार पडायला लागला तसा गल्लीतला होमगार्ड शिट्टी फुंकत ओरडत निघाला, दिवे झाका म्हणून. आमच्या खिडकीला चिकटवलेला काळा कागद वाऱ्यानं फाटून लोंबत होता. मी कोनाड्यातलं ते लुगडं घेतलं, घडी मोडली, चौपदरी केलं आणि तुझ्यासमोर खिडकीवर दोन खिळे ठोकून टांगलं. खिळे काठातून गेले. तू म्हणालीस, नवं हाय ते. मी म्हटलं, देवाचं आहे, उजेड बाहेर जाऊ द्यायचा नाही. तेव्हा तुला कळलं की बाकावरचा तुझा तो शब्द मी धरून ठेवलाय. तू किती तरी वेळ त्या लुगड्याकडं बघत बसलीस. मग म्हणालीस, "मला म्हातारपण त्याच्या दारात काढायचंय, पोरी. तुझ्या न्हाई." मी विचारलं, माझ्या का नाही? तू म्हणालीस, "जावयाच्या दारात? लोक थुकत्याल माझ्यावर." त्यावर मी कंदिलाची वात खाली केली आणि आपण झोपलो. ते मला तेव्हा पटलं नाही आणि मी स्वतः म्हातारी झाले तरी पटत नाही. भीती होती तर भीती म्हणायची होतीस. देव कशाला मधे आणायचा?

झोपताना तू भिंतीकडं तोंड करून आणखी एक बोललीस. तिसगावच्या बाजारात लहानपणी या रंगाच्या परकरासाठी मी कापडाच्या दुकानापुढं धुळीत लोळण घेतली होती आणि तू मला फरफटत नेलं होतंस. ते मी विसरले होते. तू विसरली नव्हतीस. दादा कुठलंही आणणार होता, म्हणालीस, तू स्वतः जाऊन हे निवडलंस. मी झोपेचं सोंग घेतलं. माझा तुकडा काढून घ्यायला आलेलं लुगडं तू माझ्या आवडीचं आणलंस, याचा मला जास्त राग आला.

पुढं तू वर्षातनं एकदा-दोनदा यायचीस, चिंचा घेऊन, त्याच झाडाच्या. दारात पाऊल टाकलंस की तुझी नजर आधी खिडकीकडं जायची. मी तिथं एक जुनं गडद फडकं लावून ठेवलं होतं. एकदा तू विचारलंस, ते लुगडं कुठाय? मी म्हटलं, विरलं उन्हानं, पोतेऱ्याला घेतलं. तू मान हलवलीस आणि चिंचा सोलायला बसलीस. तुझा चेहरा बघून मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

ते विरलं नव्हतं. लढाई फार दिवस चालली नाही. ती संपली त्याच आठवड्यात मी ते काढलं, धुतलं, काठाची दोन भोकं रफू केली आणि नेसून आरशापुढं उभी राहिले. मग तू येऊन गेलीस की दर वेळी, तुझी मोटार वळणाआड गेली रे गेली, की मी ते पेटीतून काढून नेसायची, पार जुनं होईपर्यंत. वांगी रंग मला शोभतो, आई. शेजारणी म्हणायच्या, माहेरचं का?

तू आता आहेस त्या गावाला टपाल जात असतं तरी हे पत्र मी टाकलं नसतं. जमिनीचं काय, ते तुला ऐकवायचंच होतं. पण मी ते लुगडं नेसले, हे तुला कळू द्यायचं नाहीये.