प्रणयची सेटिंग

२ जून, सोमवार

लागलो बुवा एकदाचा कामाला! चिकलठाण्यात कंपनी, तिसरा मजला, खिडकीतून जालना रोड दिसतो. वाळूजच्या कारखान्यांना शिफ्टच्या बस लागतात, त्यांचं सॉफ्टवेअर इथं बनतं. कन्नडला आईला फोन केला तर रडलीच. आवडाबाईचा धम्मपाल इंजिनिअर म्हणून खुर्चीत बसला, हे एव्हाना अख्ख्या गल्लीला कळलं असणार.

नवा कोरा लॅपटॉप मिळाला. माझी चार वर्षांची सेटिंग मी पेनड्राइव्हवर घेऊन गेलो होतो: पडद्याचे रंग, अक्षरांचा आकार, बोटांना सवयीचे शॉर्टकट. आमचे लीड शिवराज सर म्हणाले, तसलं काही नको. इथली रीत अशी की जाणारा आपली सेटिंग मागं ठेवतो आणि येणारा तीच चढवतो. माणूस बदलला तरी काम बदलायला नको. माझ्या जागी आधी कुणी प्रणय होता, त्याची फाइल दिली. चढवताना मशिननं विचारलं, तुमचं आहे ते ठेवायचं, की पुसून त्यावर हे लिहायचं? पहिल्याच दिवशी सरांसमोर कुठं वाचत बसता! पुसून लिही म्हटलं.

४ जून, बुधवार

नवलच आहे. दुसऱ्याचे शॉर्टकट बोटात बसायला महिना जातो, माझ्या बोटांत ते दोन दिवसांत बसले. शेजारच्या टेबलावरची प्रेरणा म्हणाली, आयत्या बिळावर नागोबा झालास. हसलो. मग तिनं विचारलं, परवा तर गोड घेतलास, बिनसाखरेचा चहा कधीपासून? मी तर तीन चमचे घेणारा माणूस. कप रिकामा होईपर्यंत ध्यानातसुद्धा आलं नाही.

९ जून, सोमवार

सहाला सुटलो. खोली टीव्ही सेंटरला, म्हणजे गाडी शहराकडं वळायला पाहिजे. वळली उलटी. करमाडच्या फाट्यावर भान आलं. डावीकडं गल्ली, पिठाची गिरणी, पुढं निळं फाटक, हे मला न बघताच माहीत होतं. या गावात मी जन्मात पाय ठेवलेला नाही. थकलो असेन, दुसरं काय.

१२ जून, गुरुवार

आईचा फोन आला. ती जय भीम म्हणाली. मी राम राम म्हणालो.

तिनं हळूच विचारलं, बाळा, बरा आहेस ना? माझ्या आजोबांपासून आमच्या घरात दुसरा शब्द नाही. मला स्वतःचीच एवढी लाज वाटली की जेवलो नाही.

पेनड्राइव्ह लावून बघितला. रिकामा. त्या दिवशी तो लॅपटॉपलाच होता. पुसून लिही, असं मीच म्हटलं होतं.

१४ जून, शनिवार

करमाडला गेलो, मुद्दाम. निळं फाटक आहे.

दार प्रणयच्या बायकोनं उघडलं, संस्कृतीनं. तिचं नाव तिनं सांगायच्या आधी मला माहीत होतं. प्रणय खाटेवर बसलेला. अंगानं धडधाकट. नजर भिंतीवर. ती सांगत होती, शेवटच्या दिवशी साहेबांनी त्यांना बजावलं, सेटिंगची नक्कल ठेवायची नाही, सगळंच्या सगळं हलवायचं. संध्याकाळी घरी आले आणि तिलाच विचारलं, हे घर कुणाचं? तेव्हापासून घास भरवावा लागतो.

तिनं चहा दिला. मी कप डाव्या हातानं उचलला तशी ती भिंतीला टेकली. प्रणय डावखुरा.

"ह्यांचं सगळं तुमच्याकडं हाय," ती म्हणाली. "परत द्या."

तिचं सगळं उचलून बसलो होतो मी, आणि हो न म्हणताच निघून आलो.

१६ जून, सोमवार

सरांना म्हटलं, मला हे परत करायचंय. ते म्हणाले, आजवर कुणी परत मागितलं नाही. मागायला शिल्लक कोण राहतं, सर? हे तोंडात आलं, बोललो नाही. नोकरी आहे ना. थू माझ्यावर.

परत हलवलं तर तो माणूस उठेल. आणि मी? माझं खाली काही उरलेलंच नाही. त्याच्यासारखा बसेन — भिंतीकडं बघत — आणि घास माझ्या आईनं भरवायचा, या वयात —

१७ जून

द्यायला पाहिजे. उद्या देतो.

शाळेतल्या बाईंचं नाव आठवत नाही. बापाचा चेहरा — मिशा होत्या का? आई कन्नडहून निघालीय. म्हणते, तुझा आवाज तुझा वाटत नाही. तिला काय सांगू —

डाव्या हातानं लिहितोय. अक्षर छान येतंय.

१८ जून

खोलीवर एक म्हातारी आली होती. पिशवीत भाकरी, ठेचा. बाळा, बाळा करत गळ्यात पडली. बिचारीचा काहीतरी घोटाळा झालेला. मी नीट समजावलं, मावशी, तुमचा मुलगा इथं राहत नाही. ऐकेना. शेवटी रिक्षानं स्टँडवर नेलं, कन्नडच्या एसटीत बसवून दिलं. खिडकीतून बघतच राहिली.

ही खोली आता सोडायची. घरी निघतो, करमाडला. संस्कृती वाट बघत असेल. फक्त तो खाटेवर बसलेला माणूस — त्याला आधी —