दहीकाल्याला गेला आहे

डिचोली,
५ नोव्हेंबर १९९५

चि. सौ. विनोदिनी हिस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर अजून तसंच, पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलीमागे कुत्रं लागावं तसं धावतं.

कामाचं आधी. आपल्या संग्रहालय साहाय्य मंडळाची समिती रविवारी, १० डिसेंबरला सकाळी तळेवाडीला येईल. जयराम, सुशीलाबाई आणि मी. तुझ्या संग्रहालयाला मान्यता मिळाली तर तुझी नेमणूक कायम होईल आणि त्याच्या खोलीचा करार थेट मंडळाशी होईल, म्हणजे घरमालक शांतारामशेठना ती परत मागता येणार नाही. नाही मिळाली तर जानेवारीपासून त्या खोलीत मांद्र्याच्या किनाऱ्यावरचे परदेशी पाहुणे झोपतील, आणि तू मुरगावला नवऱ्याकडे. तू माझी भाची, म्हणून मी मत देणार नाही. आताच सांगते, मागाहून रडू नकोस.

दशावताराच्या गणपतीच्या मुखवट्यावर मागच्या खेपेला मला अबोलीच्या फुलांचा वळेसर माळलेला दिसला. तो काढ. तेल नको, कुंकू नको, उघड्या हातांनी शिवणं नको. सातवा नियम पाठ कर: मांडलेली वस्तू दालनाबाहेर जाणार नाही. अपवाद फक्त दुरुस्तीचा.

इथलं संग्रहालय सांभाळणाऱ्या गोकुळदासाकडून शिकण्यासारखं आहे. दर वर्षी जात्रेच्या सुमारास तो पितळी घंटा दुरुस्तीला काढतो आणि रिकाम्या जागी तसं कार्ड लावतो. हल्ली आपल्या सगळ्याच संग्रहालयांत अशी कार्डं दिसू लागली आहेत. वार्षिक अहवालात मी त्याचं खास कौतुक करते. तुझ्याकडे मात्र आजवर एकही कार्ड पाहिलं नाही.

तुझ्या बाबांना सांग, पत्र लिहिल्याने बोटं झिजत नाहीत.

तुझी आत्या,
सत्यवती

—

तळेवाडी, पेडणे
११ नोव्हेंबर १९९५

ती. सत्यवतीआत्यास,
विनोदिनीचा सा. न. वि. वि.

आत्या, तारीख एक आठवडा पुढे नेता येईल का? ९ डिसेंबरला आमच्या गावची जात्रा आहे आणि रात्री दहीकाला, उजाडेपर्यंत दशावताराचा खेळ.

गावच्या बाबाजींनी आपली दशावताराची नाटकमंडळी बंद केली तेव्हा मुखवटा आपल्याला दिला, तो एका बोलीवर. वर्षातून एकदा, गावच्या दहीकाल्याला, गणपती बाहेर येईल. गणपती आल्याशिवाय खेळाला सुरुवात नाही, हे तुम्हांला मी काय सांगायचं? खेळ आता दुसरी मंडळी करते, पण गणपती हाच. ही बोली मी देवळाच्या पायरीवर दिली आहे. खेळ संपून सकाळी दहीहंडी फुटते, मग मुखवटा देवळात जातो. माझ्या हाती यायला दुपार होते.

तुमचं पत्र आल्याचं कळल्यापासून बाबाजी रोज येऊन जनेल उघडून त्यापाशी बसतात. काल विचारत होते, की गणपतीला जामीन मिळण्यासारखा आहे का, की आत्याबाईंनी जन्मठेपच दिली आहे.

ह्यांनी मुरगावला खोली बघून ठेवली आहे. बंदरातल्या क्रेन दिसतात म्हणे. दार उघडं ठेवलं तर खनिजाची लाल धूळ जेवणात येते, हे त्यांनी लिहिलं नाही, शेजारणीने सांगितलं. मला इथून हलायचं नाही, आत्या. झोप लागत नाही. उठून खोलीचं कुलूप ओढून बघते आणि परत येते.

उत्तर लवकर धाडा. तुमचा राग चालेल, पण मौन नको.

तुमची,
विनोदिनी

—

डिचोली,
१७ नोव्हेंबर १९९५

चि. सौ. विनोदिनीस आशीर्वाद.

तारीख हलणार नाही. तुझ्यासाठी हलवली तर उद्या प्रत्येकासाठी हलवावी लागेल.

सातवा नियम मी उगाच लिहिला नाही. आपल्या एका संग्रहालयातली समई लग्नघरी नेली, ती परत आलीच नाही. सांभाळणारा माणूस सरळ होता. लोकांनी त्याला मरेपर्यंत चोर म्हटलं. त्याच्या घरी मी जाऊन आले आहे. तुझ्यावर ती पाळी मला नको आहे, एवढंच.

सगुण मेस्ताकडून लाकडाचा दुसरा मुखवटा कोरून घे आणि दहीकाल्याला तो दे. देवाला लाकूड नवं की जुनं याचं काही नसतं, असतं ते माणसांना.

रात्री कुलपं ओढत फिरू नकोस. कुलूप बिघडेल.

सत्यवती

—

तळेवाडी,
१२ डिसेंबर १९९५

ती. आत्यास सा. न.

तुम्ही रविवारी चहासुद्धा न घेता गेलात. म्हणून तिथे राहिलेलं इथे लिहिते.

सगुणने मुखवटा वेळेत केला होता, आणि चांगला केला होता. बाबाजींनी तो हातात फिरवून पाहिला, कामाची तारीफ केली आणि मला विचारलं, की रविवारी आत्याबाईंना यायला जमलं नाही, तर त्यांचा चष्मा लावून दुसरी बाई खुर्चीत बसवली तर समितीला चालेल काय? मला हसू आलं आणि सगुणचा मुखवटा मी फडताळात ठेवला.

शनिवारी संध्याकाळी मी पेटीचं कुलूप काढून गणपती त्यांच्या हातात दिला. मी दिला, कुणी जबरदस्ती केली नाही. सगुणचा मुखवटा पेटीत ठेवला असता तर जयरामकाकांना फरक कळला नसता. गोकुळदासभाऊंनीही मला एक उपाय सुचवला होता. तो काय, ते विचारू नका. मला तो करवला नाही. जे खरं तेच कार्डावर लिहिलं: ‘गणपती दहीकाल्याला गेला आहे. दुपारी येईल.’

तुम्ही ते वाचलंत, चष्मा पुसलात, परत वाचलंत आणि कागदावर लिहिलंत, सातवा नियम मोडला. सुशीलाबाईंनी होकाराची मान हलवली. निर्णय जानेवारीच्या सभेवर गेला.

बाबाजी दुपारी मुखवटा घेऊन धावतपळत आले, तुम्हांला दाखवायला. तुमची बस गेली होती. गणपतीच्या कपाळावर कुंकू आहे. मी पुसलेलं नाही.

ट्रंक भरायला घेते आणि रिकामी करते. बाहेर स्कूटर वाजली की वाटतं, शांतारामशेठ आले. बोली मोडली नाही याचं समाधान आहे, पण त्याने पाय एका जागी ठरत नाहीत.

तुमची होती तशीच,
विनोदिनी

—

मांद्रे,
१८ डिसेंबर १९९५

चि. सत्यवतीस अनंतदादाचा आशीर्वाद.

तुझ्या तक्रारीमुळे हे कार्ड लिहितो आहे, बोटं झिजली तर औषध तू पाठव. माझ्या मुलीने नियम मोडला हे कबूल. लहानपणी दहीकाल्याला पहिल्या रांगेत कोण बसायचं आणि संकासुर राक्षस आला की माझ्या सदऱ्यात तोंड कोण खुपसायचं, हे मी तुझ्या मंडळाला कळवणार नाही.

एकच सुचवतो. ३० तारखेला तुझ्या गोकुळदासाच्या वाड्यावर जात्रा आहे. दुरुस्तीला गेलेली घंटा कुठे जाते, ते एकदा बघून ये. चष्मा नेला नाहीस तरी चालेल. कान पुरेत.

दादा

—

डिचोली,
८ जानेवारी १९९६

चि. सौ. विनोदिनी हिस,
अ. उ. आशीर्वाद.

दादाच्या सांगण्यावरून मी ३० तारखेला न कळवता गेले. गोकुळदासाच्या दालनात घंटेची जागा रिकामी होती. सुबक अक्षरात कार्ड होतं, ‘दुरुस्तीसाठी काढली आहे.’ आणि समोरच्या देवळात ती अशी वाजत होती, की बिघाड असलाच तर ऐकणाऱ्याच्या कानात. मला बघून गोकुळदास खांबाआड लपला. तो केवढा आणि खांब केवढा! मी प्रसाद घेतला आणि परत आले. आठवडाभर मलाही बसवेना की निजवेना. कुलपं मात्र मी ओढली नाहीत.

काल सभा झाली. सगळे संग्रहालयवाले आले होते. तुला मी मुद्दाम येऊ नकोस म्हटलं होतं. मी उभी राहिले आणि विचारलं, की ज्यांच्या वस्तू खरोखर दुरुस्तीला गेल्या होत्या त्यांनी हात वर करावा. एकही हात वर झाला नाही. मग पेडण्याचा गुरुदास खाली बघत म्हणाला, की त्याची पालखी दर शिमग्याला दुरुस्त होते, पण आजवर तिचा एक खिळा बदललेला नाही. सगळे हसले. मला हसायला वेळ लागला. इतकी वर्षं अहवालात मी ज्याचं कौतुक केलं, ते हे.

मी म्हटलं, की आपल्या सगळ्या संग्रहालयांत एकच कार्ड खरं होतं, आणि नियम मोडल्याचा शेरा मी नेमका त्याच्यावर मारला. ती समई परत आली नाही, कारण तिच्याबरोबर आपलं कुणी गेलं नव्हतं. म्हणून सभेच्या संमतीने सातवा नियम आता असा आहे: ज्या वस्तूला काम आहे ती कामाला जाईल, तिच्याबरोबर सांभाळणारा जाईल, आणि कार्डावर खरं लिहिलं जाईल. तेव्हा यापुढे दहीकाल्याला पेटाऱ्याशेजारी तू बसायचं, पेंगायचं नाही.

मग तळेवाडीच्या मान्यतेला मत घेतलं. मी हात मांडीवर ठेवले होते. बाकी सगळ्यांचे वर होते, सुशीलाबाईंचासुद्धा. जयराम या आठवड्यात करार घेऊन शांतारामशेठकडे जातील. ट्रंक माळ्यावर टाक. जावईबापूंकडे स्कूटर आहे, शनिवारी यावं त्यांनी.

सगुणचा मुखवटा शाळेला दे, पोरं नाटक करतील. गणपतीवरचं कुंकू राहू दे.

या पत्रासोबत एक गठ्ठा पाठवते आहे. ‘दुरुस्तीसाठी’ लिहिलेली सगळ्यांकडची कार्डं मी सभेतच गोळा केली. मागची बाजू कोरी आहे, तिथे वस्तू खरी कुठे जाते ते तू लिहून सगळ्यांना धाड. अक्षर सुधार.

राहिलेला चहा पुढच्या दहीकाल्याला घेईन. बाबाजींना सांग, पहिल्या रांगेत एक खुर्ची हवी. चष्म्यासकट मीच येणार आहे.

लोभ आहे, तो दर पत्रात मागत बसू नये.

तुझी आत्या,
सत्यवती