गारगोटीच्या उतारावरचा ब्रेक

अप्पा, तुमची गाडी मी पुन्हा रस्त्यावर आणली. तुम्ही गेल्यावर ती गडमुडशिंगीला मामाच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. दहाएक वर्षं तिच्याजवळ कुणी फिरकलं नाही. मामी तर त्या शेडमध्ये वैरणसुद्धा ठेवायची नाही.

तुम्हाला ठाऊक नसणार, तुमच्यामागं काय झालं ते. गारगोटीच्या अलीकडच्या उतारावर गाडी वळली नाही, सरळ जाऊन वडावर आदळली, तुम्ही जागीच गेलात. डांबरावर चाकं घासल्याची खूण नव्हती. दुसऱ्या दिवशी गाडी तपासायला आलेला माणूस आत बसला आणि त्यानं ब्रेक दाबून बघितला. मी दाराशीच उभी होते. पेडल दगडासारखं कडक. "ब्रेक झकास हाय की," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मग ह्यांनी दाबला का न्हाय?" त्याच सुमारास दुकानाच्या वाटणीवरून काकांचं आणि तुमचं बोलणं तुटलेलं. लोकांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. तोंडावर कुणी काही म्हणालं नाही. माझी आई, अव्वा, बाजारात दिसली की बायका गप्प व्हायच्या, एवढंच. घरी कधीतरी भाकरी थापता थापता तिचा हात थांबायचा. "त्या दिवशी मागून भाकरी घेतलती की गं त्यांनी. मरायला निघालेला माणूस मागून घेतो व्हय?" आणि तव्यावरची भाकरी करपायची.

मला आठवतात ते तुमचे रविवार. तुम्ही चाकाशी आडवे, अव्वा पदर खोचून स्टिअरिंगमागे. ब्रेकच्या पाइपातली हवा काढायला दोन माणसं लागतात, आणि तुम्हाला तीच लागायची. "दाब." "दाबलंय." "धर." "धरलंय, किती येळ धरू? आमटी उतू जाईल तिकडं." तुम्ही खालून हसताय. पेडल मऊ लागलं तर आत हवा आहे, हे मी तिथंच शिकले. आता मी कारखान्यात पंप तपासते. तेल, दाब, गळती यांतच दिवस जातो. म्हणून वाटलं, त्या माणसाच्या प्रश्नाचं उत्तर आपणच शोधावं.

डावी बाजू चेपली होती, तिकडचं सगळं नवीन घातलं. उजवं चाक जसंच्या तसं होतं, त्याचा रबरी पाइपही वरून धडधाकट दिसला, म्हणून राहू दिला. हवा काढायला अव्वाच बसली. मी "दाब" म्हटलं तसा अव्वानं पदर खोचला. मग पेडल खाली गेलं.

पहिल्याच दिवशी रंकाळ्यापर्यंत जाऊन आले तर परतताना गाडी जड झाली. दारात न्यूट्रल करून ढकलली, हलेना. पेडलवर कुणाचा पाय नाही, हँडब्रेक सोडलेला, शेजारचे दोघं जोर लावतायत, आणि आत बसून कुणीतरी ब्रेक धरून ठेवावा तशी गाडी उभी. चहा पिऊन बाहेर आले, तर गाडी आपली आपण पुढं सरकून फाटकाला टेकलेली. शेजारी म्हणाले, "इकून टाका ही गाडी, ताई." अव्वा उंबऱ्यातूनच बघत होती. "ते बसलेत आत," ती म्हणाली, पाहुणे आलेत म्हणावं इतक्या सहज.

मी चाक उघडलं, साफ केलं, पुन्हा बसवलं. गल्लीत चारदा फिरवून आणली, गाडी ठीक चालली. मग अव्वानं हट्ट धरला, "मला त्या झाडापातूर ने."

त्या उतारावर दुपारचं ऊन होतं. जळक्या रबराचा वास आला, म्हणून मी ब्रेकवर पाय ठेवला आणि पाय थेट तळाला गेला. खाली काहीच नव्हतं, अप्पा. पुन्हा दाबला, पुन्हा पोकळ. समोर वड मोठा होत चाललेला. दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून मी ओरडले, काय ते आठवत नाही. मग कर्रकर्र करत हँडब्रेक वर आला, गाडी फरपटत गेली आणि झाडाच्या अलीकडं थांबली.

उजव्या चाकातून धूर येत होता. आम्ही दोघी रस्त्याकडेला बसून राहिलो. बऱ्याच वेळानं, चाक निवल्यावर, मी आत जाऊन ब्रेक दाबला. दगडासारखा कडक. अव्वाला बोलावलं. तिनं वाकून, पायानं नाही, हातानं पेडल दाबून बघितलं. दोन-तीनदा. "म्हंजे दाबला हुता त्यांनी," ती म्हणाली. आणि दहा वर्षांत पहिल्यांदा मोकळी रडली.

घरी आणून तो रबरी पाइप उभा चिरला. आतून सुजून बुजत आला होता. पायाच्या जोरानं तेल चाकाकडे जात होतं, पण परत येत नव्हतं. मग पाय काढला तरी चाक धरलेलंच, घासून घासून तापणार, तेल उकळणार, त्याची वाफ होणार, आणि वाफेवर पाय पोकळच जाणार. निवलं की सगळं पुन्हा जागेवर. तुम्ही जीव खाऊन दाबला असणार, अप्पा. दुसऱ्या दिवशी निवलेल्या गाडीनं त्या माणसाला वेगळंच दाखवलं. अव्वानं तो पाइप पिशवीत घालून काकांच्या घरी नेला आणि सगळ्यांदेखत दाराच्या चौकटीत ठेवला. काकांनी तो उचलून आतून बघितला, मग घरात जाऊन तिच्यासाठी खुर्ची आणली.

आता नवीन पाइप आहे, चाक मोकळं फिरतं. एकच गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. उतारावर हँडब्रेक अव्वानंच ओढला, असं मी धरून चालले होते. परवा जेवताना ती म्हणाली, "मी तर डोळं मिटून घेतलतं. बरं झालं बघ, तू येळंवर वढलास."

मी म्हटलं, "व्हय."